उलट्या लेबलची नळी

७ जानेवारी

दादा,

नमस्कार पोचला असं धरून लगेच कामाचं सांगते. फोनवर तू "हं, हं" करत राहतोस आणि नंतर वहिनीला विचारतोस की ही काय म्हणाली. पस्तीस वर्षं लिफ्टच्या मोटारींशेजारी कान ठेवल्यावर दुसरं काय होणार? त्यापेक्षा कागद बरा.

ऑक्टोबरमध्ये इथे आलास तेव्हा आमच्या प्रयोगशाळेत रक्त देऊन गेलास, त्याचे आभार मानायचे राहूनच गेले. पन्नाशीच्या पुढची आणि छातीत कधी दुखलेलं नाही अशी माणसं मिळवताना आमच्या नाकी नऊ आले होते. आजारी हवे तेवढे मिळतात, वॉर्ड भरलेले आहेत. धडधाकट माणूस मात्र सुई बघितली की त्याला काम आठवतं. शेवटी आमच्या प्रमुख मॅडमनी फर्मान काढलं, प्रत्येकाने आपल्या घरची माणसं आणा. तू आलास, बाही वर केलीस आणि माझी एक जागा भरलीस.

हे सगळं मी कशासाठी करते ते तुला वेगळं सांगायला नको. अण्णा बावन्नाव्या वर्षी, एका दिवसाचाही त्रास नसताना, जिन्यात बसले आणि गेले. नवी मुलं शिकायला आली की पहिल्या दिवशी मी त्यांना 'माझे वडील' म्हणून अण्णांचीच गोष्ट सांगते. लोकांना वाटतं धमनी हळूहळू बुजते आणि एक दिवस बंद पडते. तसं असतं तर फार सोपं होतं. धमनीच्या भिंतीत चरबीचा थर साठतो, त्याला आम्ही प्लाक म्हणतो, आणि त्यावर एक पापुद्रा असतो. पापुद्रा घट्ट असला तर माणूस तो थर घेऊन नव्वदीपर्यंत आरामात जगतो. तो आतून कुरतडला जात असला, तर अर्धीसुद्धा न बुजलेली धमनी एखाद्या सकाळी फाटते आणि तिथे गुठळी धरते. ही कुरतडण्याची खूण रक्तात आधी उतरते का, हे आम्ही शोधतोय. पापुद्रा खाणारी एन्झाइमं, सूज दाखवणारी प्रथिनं, असे चार मार्कर आम्ही मोजतो.

आता माझं दुखणं ऐक. नळ्यांवर फक्त नंबर असतात, नावांची वही आकडेमोड करणाऱ्या काकांच्या कपाटात कुलपात. गेल्या आठवड्यात आम्हाला एवढंच उघडून दाखवलं की कुठली नळी आजाऱ्याची आणि कुठली निरोग्याची. साठ निरोगी नळ्यांपैकी एकोणसाठ शहाण्यासारख्या खाली बसल्यात. एकच नळी अशी, की चारही मार्कर वर, थेट झटका येऊन भरती झालेल्या माणसांच्या पंगतीत. मॅडम म्हणतात, फ्रीझरबाहेर राहिली असेल, काढून टाक. मी म्हटलं, बाहेर राहिलेली नळी कशी वागते ते मला कळतं, ही तशी नाही. त्याच माणसाची दुसरी नळी काढून परत मोजली, तेच आलं. वर तिचं लेबल उलटं चिकटवलेलं, वाचायला मान वाकडी करावी लागते. वैतागले आहे मी, पण काढून टाकणार नाही. तिसऱ्यांदा मोजणार आहे.

वहिनीला माझी आठवण सांग.

ठकू


१९ जानेवारी

ठकू,

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा समजण्यासाठी आणि एकदा तू वैतागलीस याचा आनंद घेण्यासाठी. लहानपणी गणित चुकलं की तू वही फाडायचीस. आता नळी फाडता येत नाही म्हणून मला पत्र.

माझ्याकडेही एक डोकेदुखी चालू आहे. नऊ मजल्यांची एक जुनी इमारत, तिची लिफ्ट माझ्याकडे. परवा वर मशीनरूममध्ये गेलो तर दोराखाली लाल भुकटी पडलेली. तुला सांगतो, लिफ्टचा दोर बाहेरून चकचकीत दिसतो, पण आतल्या तारा एकमेकींवर घासून झिजायला लागल्या की अशी भुकटी बाहेर येते. मी दोर बाद केला. कमिटीचे अध्यक्ष तावातावाने आले. म्हणाले, अहो, डिसेंबरात पूर्ण वजन घालून चाचणी झाली, पास झाली, भिंतीवर सर्टिफिकेट लावलंय. मी म्हटलं, साहेब, चाचणीच्या दिवशी दोराने वजन पेललं एवढंच ते सर्टिफिकेट सांगतं. उद्याचं ही भुकटी सांगते. लिफ्ट बंद केली आणि किल्ली खिशात टाकली. नवा दोर वीस फेब्रुवारीपर्यंत येईल, मीच बसवणार.

तोवर मलाही नऊ मजले चढूनच जावं लागतं. पाचव्या मजल्यावर एक शिवणकाम करणाऱ्या बाई आहेत, त्यांच्या दाराशी जरा टेकतो, गप्पा मारतो, मग पुढे. वय झालं, दुसरं काय. बाकी तब्येत खणखणीत. आमच्या खात्याने डिसेंबरात हृदय तपासायला सगळ्यांना फिरत्या पट्ट्यावर पळवलं, मी पास. डॉक्टर म्हणाले, तुम्ही तरुणांना लाजवाल.

जाता जाता एक विचारतो, सहजच. त्या तुझ्या एकशे तेरा नंबरवाल्या माणसाचं पुढे काय होतं? त्याला कोणी कळवतं का? की तुमच्या कागदावर एक ठिपका म्हणून राहतो बिचारा? नाही, आपलं कुतूहल.

वहिनी म्हणते, फेब्रुवारीत ये.

दादा


२४ जानेवारी

दादा,

मी तुला नंबर लिहिला नव्हता.

कुठल्याही नळीचा नंबर आम्ही बाहेर कोणाला सांगायचा नाही असा नियम आहे, आणि वीस वर्षांत मी तो मोडलेला नाही. मी लेबल उलटं आहे एवढंच लिहिलं होतं. एकशे तेरा हा आकडा तुझ्याकडे एकाच रीतीने येऊ शकतो. रक्त घेतल्यावर तुला तुझ्या नंबराची जी चिठ्ठी दिली, ती तुझ्या पाकिटात आहे. तुझ्यादेखत लेबल उलटं लागलं असणार आणि तुला ते आठवलं.

पत्र हातात घेऊन मी अर्धा तास नळ्या धुण्याच्या बेसिनपाशी उभी होते. ज्या नळीला मी तीन आठवडे शिव्या घालत होते ती माझ्या भावाची निघाली. आधी भीती वाटली, मग तुझा असा राग आला की हातातली बाटली फोडावीशी वाटली.

आता नीट वाच. आमची मोजणी उपचारासाठी नाही. ती अजून सिद्ध व्हायची आहे, आणि तिच्या जोरावर मी कोणालाही आजारी ठरवू शकत नाही. नुसत्या आकड्यावर मी गप्पही बसले असते. पण तू पाचव्या मजल्यावर टेकतोस. तू, जो नऊ मजले शीळ घालत चढायचास. शिवणकाम करणाऱ्या बाईंशी गप्पा मारायला तुला नीट ऐकू तरी येतं का?

आणि पट्ट्यावर पळवलं ते मला सांगू नकोस. डिसेंबरातली चाचणी पास, सर्टिफिकेट भिंतीवर. त्या अध्यक्षांना तू काय उत्तर दिलंस ते तुझ्याच अक्षरात माझ्यासमोर आहे. पळवून बघतात तेव्हा धमनी किती बुजली याचा अंदाज येतो. पापुद्रा किती कुरतडलाय ते त्यात दिसत नाही. तुझ्या रक्तात मला भुकटी दिसली आहे. लिफ्ट बंद कर.

कधीपासून दुखतं, कुठे दुखतं, किती वेळ, सगळं लिही. एक शब्द लपवलास तर मी स्वतः येऊन पाचव्या मजल्यावर बसेन.

ठकू


२ फेब्रुवारी

ठकू,

पकडलंस. पोलिसात जायला हवं होतंस.

लिहितो सगळं. ऑगस्टपासून. आधी सहाव्या-सातव्या मजल्यावर, छातीच्या मधोमध कोणी गुडघा ठेवल्यासारखं, आणि मग डाव्या जबड्यात. दोन मिनिटं थांबलो की जायचं. मी पित्ताचं समजलो. हल्ली चौथ्या मजल्यावरच येतं, आणि एक-दोनदा घरी पेपर वाचतानाही आलं, बसल्या बसल्या. पण ढेकर आला की मोकळं वाटतं, म्हणजे पित्तच असणार.

आता तू विचारशील, तिथे खोटं का बोललास. तुमच्याकडची ती मुलगी फॉर्म भरत होती. तिने विचारलं, काका, जिने चढताना छातीत दुखतं का? तू काचेपलीकडे उभी होतीस आणि बोटांवर मोजत होतीस. आदल्या रात्री जेवताना म्हणाली होतीस की निरोगी माणसं अजून तीन कमी आहेत आणि मॅडम डोकं खातायत. मी हो म्हणालो असतो तर मला उठवलं असतं, तुझे तीनाचे चार झाले असते. एवढ्या लांबून आलोय आणि बहिणीच्या एका नळीच्याही कामाचा नाही, हे काही मला पटेना. म्हटलं, दुखत नाही. तेव्हा दुखत नव्हतंच, मी खुर्चीवर बसलो होतो.

तुझ्या कामात खोट घालून ठेवतोय हे कळलं असतं तर जीभ चावली असती. मला वाटलं रक्त म्हणजे रक्त, कोणाचं का असेना.

डॉक्टरकडे जाईन, शब्द देतो. पण वीस तारखेनंतर. ते मशीन माझ्यापेक्षा जुनं आहे, त्याचा ब्रेक कुठे अडतो ते मला एकट्याला ठाऊक. वरच्या मजल्यांवर म्हातारी माणसं अडकून पडली आहेत, त्यांना किती दिवस कोंडून ठेवू? आणि एक विनंती, तुझ्या वहिनीला यातलं काही कळवू नकोस. उगाच जिवाला घोर लावून घेईल.

दादा


५ फेब्रुवारी

दादा,

बसल्या बसल्या. हे दोन शब्द तू ढेकर आणि पेपरच्या मध्ये असे घुसवलेस जणू हवापाणी कळवतोयस. चढताना दुखणं ही एक गोष्ट. सहा महिन्यांत दुखणं सातव्या मजल्यावरून चौथ्यावर उतरतं आणि मग खुर्चीत येऊन बसतं, ही अगदी वेगळी. वीस तारीख विसर.

तुझ्या गावातल्या मोठ्या हॉस्पिटलात हृदयाच्या एक डॉक्टर आहेत. माझ्याच टेबलावर दोन वर्षं काम करून गेल्या, माणूस चोख. नऊ तारखेला सकाळी दहाची वेळ तुझ्या नावाने घेतली आहे. तू लिहिलेलं सगळं मी त्यांना कळवलंय, तेव्हा तिथे पित्ताची कथा सांगत बसू नकोस. दोर बसवणारे तुझ्या खात्यात आणखी अकरा जण आहेत. ब्रेक कुठे अडतो ते कागदावर काढून दे. वरच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्यांना चार दिवस किराणा पोचवता येईल, पण नवव्या मजल्यावरच्या मशीनरूममधून तुला खाली आणायला ती इमारत तुझी लिफ्ट कशी वापरणार? ती तूच बंद केली आहेस.

वहिनीला मी अजून सांगितलेलं नाही. ते काम तुझं. आठ तारखेला संध्याकाळी मी तिला फोन करणार आहे. तिचे कान शाबूत आहेत.

आता माझं. तुझं पत्र आलं त्याच दिवशी मी मॅडमकडे गेले आणि सांगितलं की एकशे तेरा नंबर माझा भाऊ आहे आणि तो निरोगी नाही. त्या म्हणाल्या, मग सुटलो, काढून टाक, आलेख स्वच्छ होईल. मी म्हटलं, नाही. माझा भाऊ माझ्यासाठी खोटं बोलला, तर बाकीच्यांच्या घरचे खरं बोलले कशावरून? निरोगी गटातली सव्वीस माणसं आपल्याच लोकांनी घरून आणलेली आहेत. सगळ्यांना परत विचारायचं, आणि विचारणारा त्यांच्या नात्यातला नको. मॅडमनी पेन टेबलावर आपटलं. पुढच्या महिन्यात परिषदेत निबंध वाचायचा होता, तो आता होत नाही. चार वर्षांचं काम आहे, अर्ध्या लोकांनी माझ्याशी बोलणं टाकलंय. टाकू देत. चुकीच्या पायावर मी निबंध उभा करणार नाही.

नऊ तारीख, दहा वाजता.

ठकू


३ मार्च

ठकू,

हॉस्पिटलमधून परवा घरी आलो. अक्षर वाकडं आहे ते हातावर सलाइनची सूज आहे म्हणून, घाबरू नकोस. तू येऊन गेलीस तेव्हा मी निम्मा वेळ झोपेत होतो, त्यामुळे काय झालं ते माझ्या तोंडून ऐक.

आठला दुपारी तुझ्या वहिनीला सांगितलं. ती उठली आणि पिशवी भरली, टॉवेल, लुंगी, चष्मा. म्हटलं, अगं, नुसतं दाखवायला जातोय. ती म्हणाली, असू दे. नऊला तुझ्या डॉक्टरबाईंनी माझं ऐकून घेतलं आणि घरी सोडायलाच तयार होईनात. दुपारी धमन्यांची तपासणी ठरली. मला स्ट्रेचरवर घालून बाहेरच्या पॅसेजमध्ये रांगेत लावलं, माझा नंबर चौथा. तिथेच ते आलं, आणि यावेळी ढेकर द्यायलाही फुरसत दिली नाही. चौथा होतो तो एकदम पहिला झालो. दार दहा पावलांवर होतं. नंतर बाई म्हणाल्या, चाळीस टक्केच बुजली होती, पण पापुद्रा फाटून वर गुठळी धरली होती. धमनीत जाळी बसवली. वीस तारखेची वाट बघितली असती तर मी कुठे असतो ते तू लिहिलंच होतंस.

साहेबांना कळवलंय की यापुढे मी चढणार नाही, खाली बसून नव्या लोकांना शिकवेन. दोर दुसऱ्याने बसवला, ब्रेक बरोबर लागतोय.

आता जे लिहायचंय ते लिहितो. गेले तीन दिवस कागद घेतोय आणि ठेवतोय.

तू नव्या मुलांना अण्णांची गोष्ट सांगतेस ना, की एका दिवसाचाही त्रास नव्हता. ते खरं नाही. पंधरा दिवस होता. मी तेव्हा चोवीस वर्षांचा, नोकरीला लागलेला. आम्ही दोघं मिळून तुझं अभ्यासाचं टेबल वर चढवत होतो. अण्णा मधल्या पायरीवर बसले, घाम फुटलेला, हात जबड्याला. मी विचारलं तर म्हणाले, चार-पाच दिवस होतंय, जाईल. मी म्हटलं, डॉक्टरकडे जाऊ. ते म्हणाले, ठकूची परीक्षा होऊ दे, आत्ता घरात गोंधळ नको, आईलाही बोलू नकोस. मी नाही बोललो. त्यानंतर दोनदा मी त्यांना तसं बसलेलं पाहिलं आणि दोन्ही वेळा गप्प राहिलो. तुझा शेवटचा पेपर गुरुवारी होता. ते त्याच्या दोन दिवस आधी, मंगळवारी गेले.

नंतर सगळे म्हणायला लागले, काही नव्हतं हो, अचानकच. आई म्हणाली, तू म्हणालीस. मी मान हलवली. तुला सांगितलं असतं तर तू जन्मभर स्वतःच्या परीक्षेला दोष दिला असतास असं मला वाटायचं. हे अर्धंच खरं आहे. मला भीती वाटायची, ठकू. तू माझ्याकडे कशी बघशील याची. पॅसेजमध्ये छातीवर तो गुडघा आला तेव्हा मनात तेवढंच होतं, की हे कोणालाच न सांगता चाललो.

तुझ्या निरोगी माणसांना परत प्रश्न विचारलेस, तसं अण्णांचंही उत्तर दुरुस्त करून घे.

दादा


७ मार्च

दादा,

पत्र काल आलं. काल मी उत्तर लिहिलं असतं तर ते पोस्टात टाकण्याजोगं नसतं, म्हणून आज लिहिते.

आधी कामाचं. सव्वीस जणांना परत विचारून झालं. सहा जण खोटं बोलले होते, तुला धरून. फ्रीझर सांभाळणाऱ्याच्या सासूबाईंना वर्षभर छातीत दुखतंय आणि मॅडमचे यजमान रक्तदाबाची गोळी मॅडमना चोरून घेतात. सगळ्यांचं कारण एकच, आपल्या माणसाचं काम अडू नये. मॅडमनी दोन दिवस बसून सगळे फॉर्म स्वतः तपासले. मग येऊन म्हणाल्या, निरोगी गट नव्याने उभा करू, आणि यापुढे घरचं माणूस एकही नको. सहाही जण डॉक्टरकडे गेले आहेत. त्यांच्यापैकी दोघांच्या नळ्या बाकीच्यांपेक्षा किंचित वर होत्या, पण तुझ्याइतक्या नाहीत, म्हणून तेव्हा आमच्या नजरेतून सुटल्या.

आज सकाळी पाच नवी मुलं आली. मी अण्णांची गोष्ट सांगितली. म्हटलं, माझ्या वडिलांना पंधरा दिवस त्रास होता. घरात एकाला माहीत होतं. तो बोलला नाही, कारण घरातल्या धाकट्या मुलीची परीक्षा होती. ती मुलगी मी. मुलं वह्यांकडे बघत बसली. पण सांगितलं. आता दर वर्षी असंच सांगणार आहे.

तुझ्यावर मी रागावलेली आहे दादा, हे तुला कळायला हवं. बत्तीस वर्षं मी जे उत्तर रक्तात शोधत होते त्यातलं निम्मं तुझ्याकडे होतं, आणि तू माझ्यासमोर जेवायला बसायचास. अण्णांवर तर त्याहून जास्त राग आहे, पण त्यांना तो कसा सांगू? ती परीक्षा ऑक्टोबरमध्ये परत होती. तुम्हा दोघांपैकी एकानेही मला विचारलं असतं तर मी स्वतः अण्णांच्या हाताला धरून त्यांना जिन्यावरून खाली नेलं असतं आणि ऑक्टोबरमध्ये पेपर लिहिले असते.

चोवीस वर्षांचा होतास, वडील म्हणाले गप्प बस, तू बसलास. ते मी समजू शकते, आणि कधीतरी माफही करेन, पण आज नाही. आज मला तुझ्याशी भांडायचं आहे, मोठ्याने, तुला ऐकू जाईल एवढं. अण्णांशी मला ते कधीच करता आलं नाही. शनिवारी सकाळच्या गाडीने येते. गोळ्या वेळेवर घे.

ठकू